बोट महामायाचं, आवाज ओवीचा

प्रेमलाबाई वाईट शिक्षिका होत्या असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडायला उठतो. चांगल्या होत्या असं कुणी म्हणालं तर मात्र गप्प बसतो. बावीस वर्षं मी गणित शिकवतोय. त्यातली नऊ बाईंच्या शेजारच्या वर्गात गेली, आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा फळ्यावरचा खडू मला ऐकू यायचा. त्यामुळे बाईंबद्दल बोलायचा मला हक्क आहे. शिवाय जे घडलं त्यात माझाही हात आहे, म्हणून बोलणं भागही आहे.

आमची शाळा संग्रामपूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. गावाचं नाव लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होणार नाही. बाई भाषा शिकवायच्या. मूळच्या खामगावच्या. नवरा, वैजनाथराव, तिथेच कचेरीत कारकून. बाई आठवडाभर संग्रामपूरला खोली घेऊन राहायच्या आणि रोज काळी-पिवळीने शाळेत यायच्या. गाडी कितीही गच्च भरो, ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची आणि मांडीवरची पिशवी कुणी हलवायची नाही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मुलांनी 'मॅडम' म्हटलं तर ओ देत नसत, 'बाई' म्हणायचं. आमचे मुख्याध्यापक वामनराव त्यांना वचकून असत. मीही असे, खोटं कशाला बोलू.

जोडवाचन त्यांनी सुरू केलं ते कोरोना ओसरल्यावर. शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद होती. ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांनी मोबाइलवर काय ते शिकून घेतलं, बाकीची पोरं आईबापाबरोबर शेतात नाहीतर वीटभट्टीवर गेली. ती सहावीत आली तेव्हा एकतीस पोरांच्या वर्गात अठरा जणांना एक सलग ओळ वाचता येत नव्हती. वरून कागद येत होते, तक्ते भरून मागत होते. बाईंनी तक्ते वामनरावांच्या टेबलावर टाकले आणि बाक हलवायला घेतले.

पद्धत साधी होती. एका बाकावर दोघं, एक वाचता येणारं आणि एक अडखळणारं. पुस्तक एकच, दोघांच्या मधे, दुसरं दप्तरात. बोट कायम अडखळणाऱ्याचं. आधी येणाऱ्यानं परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं त्या आवाजाबरोबर शब्दाखालून बोट न्यायचं. मग तोच परिच्छेद बोटवाल्यानं वाचायचा. अडला तर जोडीदारानं मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मगच सांगायचं. हसायचं नाही. जो हसेल तो व्हरांडा झाडेल. बाई स्वतः अशाच शिकलेल्या. घरी दोघी बहिणींत एक पुस्तक होतं आणि थोरलीनं धाकटीला शेजारी बसवून वाचायला शिकवलं होतं. त्यामुळे हे चालणार की नाही अशी शंका त्यांना कधी आलीच नाही.

आणि ते चाललं, हेही सांगायला हवं. वर्षभरात अठरांपैकी अकरा पोरं वाचायला लागली. खरंच वाचायला लागली. मी माझ्या तासाला शाब्दिक उदाहरणं देऊन खात्री केली. पूर्वी ही पोरं उदाहरणातले आकडे उचलायची आणि बेरीज ठोकून द्यायची. आता ती आधी ओठ हलवत वाचायची आणि मग पेन्सिल उचलायची. मी बाईंना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला काय वाटलं होतं, मी भजन शिकवतेय?"

वर्गातली सगळ्यांत नावाजलेली जोडी ओवी आणि महामायाची. ओवीचे वडील ग्रामपंचायतीत लिपिक. पोरगी रेडिओवरच्या निवेदिकेसारखी वाचायची, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज उचलून. महामाया बौद्ध वस्तीतली. वडील लहानपणीच गेलेले, आई सिंधूताई दिवाळी झाली की नांदुऱ्याकडच्या वीटभट्टीवर जायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायची. तोवर पोरगी आजोबांजवळ. आजोबा शंकरराव शाळेची पायरी चढलेले नव्हते, पण त्रिशरण-पंचशीलापासून पुढच्या सगळ्या गाथा त्यांना पाठ. रोज संध्याकाळी वंदना व्हायची आणि महामाया चार वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर म्हणायची. त्या घरात जे काही शिकलं जाई ते कानानं. जयंतीला नऊ वर्षांच्या पोरीनं हातात कागद न घेता वीस मिनिटं भाषण केलं होतं आणि माणसं तोंडात बोट घालून बसली होती. आम्ही सगळे म्हणालो, काय हुशार पोरगी! कशात हुशार, ते कुणी पाहिलं नाही.

जोडी लावली त्या आठवड्यात ओवीची आई शाळेत आली. बाईंपुढे उभी राहून म्हणाली, "वर्गात दुसरी पोरगी नव्हती काय, बाई, आमच्या ओवीजवळ बसवाले?"

बाई एरवी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की वऱ्हाडीवर यायच्या. "हायेत ना. पण मी हिलेच बसवणार. तुमाले जमत नसन तं दाखला घेऊन जा."

दाखला कुणी नेला नाही. पण त्या दिवसापासून ही जोडी म्हणजे नुसती जोडी राहिली नाही, बाईंनी गावापुढे दिलेला शब्द झाला. महामायानं वाचलंच पाहिजे. आणि ती वाचायला लागली. सहा महिन्यांत ओवीच्या मागोमाग घडाघडा, त्याच स्वल्पविरामांना थांबून, बोट शब्दाखालून सरकवत. आसपासच्या शाळांचं केंद्र ज्यांच्याकडे, ते केंद्रप्रमुख साहेब आले, त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं, ते तालुकाभर फिरलं. इतर शाळांतले शिक्षक बघायला यायला लागले. बाई दोघींना पुढे बोलवायच्या आणि स्वतः मागे जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आवडायचा.

माझ्या तासाला मात्र महामाया शाब्दिक उदाहरणं सोडवत नसे. तोंडी हिशेबात तिच्यापुढे कुणी टिकायचं नाही आणि लिहिलेलं उदाहरण दिलं की वही कोरी. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे का. गणितात कच्ची आहे म्हणून मी मोकळा झालो. फळ्यावरचं ती सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची, धड्याखालची उत्तरं तिला तोंडपाठ असायची, परीक्षेला शेजारी ओवी. सहावी-सातवी अशी गेली.

आठवीचं वर्ष तिच्यासाठी शेवटचं ठरणार होतं. आमच्याकडे नववी नाही. नववीची शाळा नऊ किलोमीटरवर, त्या वेळेला गाडी नाही. आई सहा-सात महिने भट्टीवर आणि शंकररावांचे डोळे गेलेले. एकच वाट होती. बुलढाण्याला मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे दरवर्षी काही मुली परीक्षेतून घेतात. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या रविवारी असते. लेखी, आणि मग न पाहिलेला उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचा. ते जमलं तर महामाया शिकणार. नाही जमलं तर आईबरोबर भट्टीवर. आणि एकदा भट्टीवर गेलेली पोर आमच्याकडे शाळेत परत आलेली मी पाहिलेली नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. ओवीच्या अंगात ताप होता. वाचता वाचता तिनं पानाच्या तळच्या चार ओळी गाळल्या आणि सरळ पुढचं पान धरलं. तिला कळलंही नाही. मग महामायाची पाळी आली. ती वाचायला लागली, घडाघडा, आणि त्याच चार ओळी तिनंही गाळल्या. बोट मात्र त्या चार ओळींखालून सावकाश, एकेक शब्द करत चाललं होतं आणि तोंडातून पुढच्या पानावरचा मजकूर येत होता. बाई नेमक्या तिच्या मागे उभ्या होत्या.

त्यांनी कपाटातून एक गोष्टींचं पुस्तक काढलं, वर्गात कधी न वाचलेलं, आणि तिच्यापुढे उघडलं. "वाच." महामायानं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि गप्प बसली. बाई थांबल्या. वर्ग थांबला. शेवटी घंटा झाली.

मधल्या सुट्टीत बाई माझ्या वर्गात आल्या, दार लोटलं आणि खुर्चीवर बसल्या. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "शेखर, पोरीनं मला दोन वर्षं बनवलं," त्या म्हणाल्या. "सुटी सुटी अक्षरं येतात तिला. बाकी सगळं पाठ. एक शब्द वाचता येत नाही. मी हिच्यासाठी गावाशी भांडले आणि हिनं मला बनवलं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. म्हणायला हवं होतं की बाई, अजून पाच महिने आहेत, जोडी मोडा, उद्यापासून पोरीला रोज तास-दोन तास घेऊन बसा, तिच्या आईला सांगा. पण जानेवारीत केंद्रातल्या साठ शिक्षकांपुढे आमच्या शाळेत जोडवाचनाचा पाठ ठरला होता. वामनरावांनी साहेबांना शब्द दिला होता. ही जोडी मोडली तर ओवीची आई गावभर काय सांगत फिरेल ते बाईंना माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "जानेवारी होऊ द्या, बाई. मग बघू. तोवर कुणाला बोलू नका."

बाई म्हणाल्या, "हो, तसंच करू."

हे मी एवढ्यासाठी लिहितोय की गावात सगळं बाईंच्या माथी मारलं जातं. सल्ला माझा होता.

चार दिवसांनी, भट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी, सिंधूताई शाळेत आली. लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात चपला. व्हरांड्यातच उभी राहिली. तिनं एकच विचारलं, "बाई, पोरगी वाचते ना? वाचत नसन तं सांगा. मी या साली भट्टीवर जात नाई, इथंच रोजानं कामाले लागतो अन् तिले तुमच्यापाशी पाठवतो रोज. बुलढाण्याची परीक्षा हाये तिची."

मी दारातच होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वाचते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा निर्धास्त."

सिंधूताई वाकून नमस्कार करायला लागली, तर बाईंनी तिचे हात वरच्यावर धरले आणि वर्गात निघून गेल्या.

जानेवारीतला पाठ उत्तम झाला. साठ शिक्षक, पुढे सतरंजीवर दोघी. आधी ओवीचा आवाज, मग महामायाचा. बोट कुठेही चुकलं नाही. साहेब म्हणाले, ही आपल्या केंद्राची देणगी आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बाई नेहमीसारख्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पण त्यांचा चेहरा मला बघवला नाही. पोरगी मात्र हसत होती.

त्यानंतर बाईंनी तिला दार लावून शिकवायला घेतलं. पण राग मनात धरून कुणाला अक्षर शिकवता येत नाही. "आता पाठ करून दाखव ना," असं त्या तिला म्हणायच्या, मी भिंतीतून ऐकायचो. पोरगी आक्रसून जायची. त्यातच फेब्रुवारीत मतदार याद्यांचं काम आलं, बाई महिनाभर घरोघर फिरत राहिल्या. मार्चअखेर महामायाला काना-मात्रा नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द जुळवता यायला लागले होते. कमळ. गवत. बदक. परीक्षेला आठ दिवस उरले होते. मी बाईंना म्हणालो, नका पाठवू. त्या म्हणाल्या, "न पाठवायचं कारण काय सांगू तिच्या आईला?"

ओवीनंही अर्ज भरला होता, दोघींना परीक्षेला मी घेऊन गेलो. मोताळ्यानंतर राजूरचा घाट चढताना ओवीला मळमळलं, तिचं डोकं महामायानं आपल्या मांडीवर घेतलं. लेखी पेपरात काय झालं असेल ते सांगायला नको. तोंडीच्या वेळी मी दाराशी होतो. आत दोन शिक्षिका बसलेल्या, वागायला चांगल्या. ओवी वाचून बाहेर आली. मग महामाया गेली. तिनं उतारा पुढ्यात ओढला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि थांबली.

"वाच बाळा," एक शिक्षिका म्हणाली.

ती थांबलीच. मग तिनं वळून दाराबाहेर पाहिलं, ओवी दिसते का म्हणून. त्या शिक्षिकेला वाटलं पोरगी बुजली, म्हणून तिनं पहिली ओळ स्वतः वाचून दिली. लगेच महामायाचं बोट सरकलं आणि तिनं ती ओळ म्हटली. त्या शिक्षिकेच्याच आवाजात, तिच्यासारखीच शेवटी सूर खाली सोडून. आणि ओळ संपल्यावर बोट दुसऱ्या ओळीखाली नेऊन पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. दोघी शिक्षिकांना ती चेष्टा वाटली. एकीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढचं नाव पुकारलं. मी तिथेच व्हरांड्यात कठड्यावर बसलो. मला रडू आलं, ते मी पोरींपासून लपवलं.

यादीत ओवीचं नाव लागलं.

बाईंनी त्याच जूनमध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. अर्जावर गुडघेदुखी लिहिलं होतं आणि वामनरावांनी ते खरं मानलं. जोडवाचन अजून चालू आहे, आमच्याकडेही आणि केंद्रातल्या इतर शाळांतही. एवढाच बदल मी केला की दर पंधरा दिवसांनी जोड्या फोडतो आणि न पाहिलेलं पान एकट्याला वाचायला लावतो. साहेबांना त्याचं कारण मी सांगितलेलं नाही. बाई खामगावला असतात, फोन केला तर वैजनाथराव उचलतात आणि त्या झोपल्यात म्हणतात. पण गुडघे हे कारण नव्हतं. कारण मेमधल्या एका दुपारचं आहे, आणि त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर होतो.

यादी लागल्यावर सिंधूताईनं निरोप पाठवून पोरीला भट्टीवर बोलावून घेतलं होतं. शंकररावांना एका पुतण्याच्या घरी ठेवलं. बाई म्हणाल्या, मला तिच्या आईसमोर जायचंय. मी मोटरसायकल काढली. उन्हानं डोळे उघडत नव्हते. सिंधूताई चिखल तुडवत होती, पोटऱ्यांपर्यंत लाल. महामाया जरा पलीकडे उकिडवी बसून ओल्या विटा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

बाईंनी आडवळणानं सांगितलं नाही. चिखलाच्या काठाशी उभ्या राहून म्हणाल्या, "सिंधूताई, पोरीला वाचता येत नव्हतं. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

सिंधूताई तुडवायची थांबली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आता काऊन सांगता, बाई?" आणि पुन्हा पाय उचलून चिखलात ठेवला.

बाईंना तिथून निघता आलं असतं. पण ते शल्य त्यांच्या आत होतंच, सहा महिने होतं. त्या महामायाजवळ गेल्या, तिच्यासमोर उन्हात खाली बसल्या, आणि मला आजवर माहीत नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "मी चुकले, माये. पण तू मला का फसवलंस गं? एकदा म्हणाली असतीस, बाई, मला येत नाही. मी काय मारलं असतं तुला?"

महामायाच्या हातात वीट होती. ती तिनं नीट आडवी ठेवली.

"म्या कवा फसवलं, बाई?" ती म्हणाली. "तुमी म्हणे, ओवी वाचन, तू बोट ठेवून आयक, मंग तसंच वाच. म्या तसंच केलं. रोज केलं. एक शब्द चुकू नाई दिला." तिला खरंच कळत नव्हतं आम्ही काय म्हणतोय ते. "मले वाटे, वाचनं म्हन्जे तेच. कमळ, गवत, बदक जुळवनं येगळं. ओवीले तिची आई घरी वाचून दाखवत असन, मंग ओवी मले दाखवते. माह्या घरी कोनाले येत नाई, म्हनून मले शाळेत आयका लागते. तसं नसते का, बाई?"